धोकादायक माल: उघडं यार्ड की बंद गोदाम?

बंदरातल्या रसायनांच्या साठ्याचं नियोजन करणारा एक मित्र या पेचात आहे. 'अत्याधुनिक गोदामा'च्या जाहिराती बाजूला ठेवून बघू.

उष्णतेत यार्ड मार खातं. २०१५ साली चीनमधल्या तिआनजिन बंदरात कंटेनरमधलं नायट्रोसेल्युलोज (सहज पेट घेणारं रसायन) उन्हाळ्यात सुकलं आणि आपोआप पेटलं. ते ओलसर राखलं तरच सुरक्षित. आग पुढे स्फोट होऊ शकणाऱ्या अमोनियम नायट्रेटपर्यंत पोचली, म्हणजे धोकादायक मालाच्या दोन वेगळ्या वर्गांमध्ये राखलेलं अंतर हा खरा मुद्दा.

गळतीत मात्र यार्ड सरस. वाफा साचत नाहीत, गळका कंटेनर क्रेनने उचलून बाजूला नेता येतो. गोदामात वाफा कोंडतात. चांगलं वायुवीजन आणि ठिणगी न पडणारे दिवे हवेतच. खर्च अर्थातच गोदामाचा जास्त.

आणि छप्पर म्हणजे सुरक्षा नव्हे. लेबनॉनच्या बैरूत बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेट २०१४ पासून छपराखालीच पडून होतं; २०२० मध्ये स्फोट झाला.

थोड्या दिवसांचा मुक्काम असलेले सीलबंद कंटेनर, विशेषतः ज्वलनशील द्रव, यार्डात ठेवावेत. उष्णता न सोसणाऱ्या मालाला सावली द्यावी. सुटे ड्रम, किंवा पाणी लागताच ॲसिटिलीन हा ज्वलनशील वायू सोडणारं कॅल्शियम कार्बाइड, कोरड्या गोदामात. स्फोटकं दोन्हीकडे नकोत; जहाजावरून थेट ट्रकवर चढवून बंदराबाहेर.