रोमन चिलखत घेताय? त्या ‘साध्या’ ओळी आधी बघा

इथे जर्मनीत रोमन सैनिकाच्या वेशात प्रात्यक्षिकं करणाऱ्या मंडळींत माझी ऊठबस आहे. त्यासाठी ‘लोरिका हामाता’, म्हणजे लोखंडी कड्यांचं चिलखत, ऑनलाइन मागवलं आणि चारशे युरोंना गंडा बसला.

विक्रेता अडाणी नव्हता, हेच त्याचं भांडवल. सगळ्या कड्या रिव्हेटच्या, म्हणजे जोडावर बारीक खिळा ठोकून पक्क्या केलेल्या आहेत का, असं विचारल्यावर म्हणाला, “रोमनांच्याही नव्हत्या. एक ओळ रिव्हेटची, एक साधी.” बोलणं खरंच आहे! फक्त रोमनांची ती दुसरी ओळ अखंड कड्यांची असे. पत्र्यातून ठोकून काढलेल्या कडीला जोडच नाही. रिव्हेटच्या ओळीत तारेची टोकं एकमेकांवर चढवून चेपायची, भोक पाडायचं, आत बारीक रिव्हेट ठोकायचा. प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत अडकलेली, त्यामुळे ओढलं तरी उसवत नाही.

माझ्या चिलखतातल्या ‘साध्या’ कड्या म्हणजे वाकवून टोकाला टोक लावलेली तार. अंगात चढवताना काखेत फट पडली आणि फरशीवर कड्यांचा सडा. रिव्हेट होते ते छातीवरच्या तळहाताएवढ्या पट्ट्यात. फोटोही तेवढ्याचाच पाठवला होता. वर जस्ताचा चकचकीत मुलामा, जो रोमनांच्या काळात नव्हताच.

छातीवरच्या आकड्यांची तर थट्टाच. पाठीकडून खांद्यांवरून पुढे येणारे दोन पदर एका जोड-आकड्याने धरलेले असतात. आकडा मधल्या खिळ्यावर फिरतो, त्याची टोकं पदरांवरच्या बटणांत अडकतात. इथल्याच काल्क्रीझेला, इ.स. 9 मध्ये जर्मन टोळ्यांनी रोमन सैन्याचा पराभव केला त्याच्याशी जोडल्या जाणाऱ्या जागी, असाच एक आकडा सापडलाय, त्यावर मार्कुस आयुस या सैनिकाचं नाव कोरलेलं. माझे आकडे तारेने कड्यांना बांधलेले. फिरणार काय, कपाळ!

तक्रार केली तर म्हणे, “रोमन पद्धत अशीच असते.” पुढे उत्तरच नाही. सूट देतो म्हणून त्याने पैसे ‘मित्राला पाठवतो’ या पर्यायातून मागितले होते, त्यात खरेदीदाराला संरक्षण नसतं. पेमेंट कंपनीनेही हात वर केले.

घेणार असाल तर काखेचा, पाठीचा आणि आतल्या बाजूचा जवळून काढलेला फोटो मागा. साध्या ओळीतल्या कडीवर केसाएवढीही चीर दिसली, तर पैसे पाठवू नका.