टेलर अॅक्युइटी कार्ड्‌स २ : संच चोख, वापरणाऱ्याचा हात त्याहून चोख हवा

न बोलणाऱ्या बाळाला किती बारीक दिसतं हे संशोधनासाठी मोजायचं असेल, तर महाग असूनही हा संच घ्यावा असं आमचं मत. १७ कार्डं येतात. १५ कार्डांवर करड्या पार्श्वभूमीत एका बाजूला काळ्या-पांढऱ्या रेघांचा चौकोन, सेंटीमीटरला ०.३२ जोड्यांपासून (एक काळी व एक पांढरी रेघ म्हणजे एक जोडी) ३८ जोड्यांपर्यंत. उरलेल्यांपैकी एक मंददृष्टीसाठी, एक कोरं. रेघा दिसल्या की बाळाची नजर तिकडे वळते. तपासनीस कार्डाच्या मधल्या ४ मिलिमीटरच्या भोकातून ती टिपतो.

गडबड इथेच होते. रेघा कुठल्या बाजूला हे आधी माहीत असलं, की हवं तेच दिसतं. म्हणून कार्डं उपडी ठेवावीत, दाखवून झाल्यावर १८० अंश फिरवून पुन्हा दाखवावीत आणि मनाशी निर्णय पक्का झाल्यावरच पुढून बघावं. बाळ संशोधनातल्या कुठल्या गटातलं, हेही तपासनिसाला कळू नये.

कार्ड आणि बाळाचे डोळे यांतलं अंतर सहा महिन्यांपर्यंत ३८, तीन वर्षांपर्यंत ५५, त्यापुढे ८४ सेंटीमीटर. मांडीवरचं बाळ हळूहळू पुढे झुकतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ६.५ जोड्यांचं कार्ड ५५ वरून नजरेच्या कोनाच्या एका अंशाला ६.२ जोड्या मोजतं, ४५ वरून जेमतेम ५.१, तुम्ही मात्र ६.२ च नोंदवता. कपाळापासून दोरी धरून मधूनमधून तपासा.

या आवृत्तीतली कार्डं लॅमिनेट केलेली आहेत. पुसता येतात हे बरं, पण डोक्यावरच्या ट्यूबलाइटची चमक पडली की बाळ तिकडेच बघत बसतं. उजेड बाजूने, सारखा पसरलेला हवा. कार्ड कडेनेच धरा. करड्या भागावरचा बोटाचा डागही नजर खेचतो.

कारक (हालचालींच्या) चाचण्याही त्याच दिवशी असतील, तर कार्डं आधी उरका. दमलेलं बाळ रेघा दिसूनही वळत नाही आणि आकडा उगाच खाली येतो. मान नीट न वळवणाऱ्या बाळाच्या फक्त डोळ्यांच्या हालचालीवर विसंबावं लागतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून धरा. सरासरी आकड्यांचे लॉग (लॉगॅरिथम) घेऊनच काढा, कारण कार्डांच्या पायऱ्या गुणाकाराने वाढतात.

तिरळेपणामुळे आळशी झालेल्या डोळ्याची उणीव मात्र हा संच कमी दाखवतो. मूल चित्रं ओळखू लागलं, की ली सिम्बॉल्सकडे (चित्रं ओळखायच्या दृष्टी-तक्त्याकडे) वळा. नुसत्या चाळणी तपासणीसाठी लीचे रेघांचे पॅडल (हातात धरायच्या पाट्या) पुरतात. मात्र त्यात प्रत्येक पायरीला रेघा दुप्पट होतात, त्यामुळे बारीक फरक निसटतो.