केप फिअर नदीकाठी घर आणि होडी: विल्मिंग्टन की साउथपोर्ट?

नॉर्थ कॅरोलायनातील केरी, मॉरिसव्हिल या भागात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत निवृत्ती जवळ आली की पाण्याकाठच्या घराचा विषय हमखास निघतो, आणि मग दोन-सव्वादोन तासांच्या अंतरावरची केप फिअर नदी डोळ्यांपुढे येते. तशी ती परकी नाहीच; केरीच्या नळाला ज्या जॉर्डन जलाशयाचे पाणी येते तो हॉ नदीवरचा, आणि हॉ व डीप या नद्यांच्या संगमातूनच केप फिअर निघते. सुमारे २०० मैल वाहून ती अटलांटिकला मिळते. मुखापाशी साउथपोर्ट हे छोटे गाव आहे, आणि तिथून नदीमार्गे पंचवीस-तीस मैल आत विल्मिंग्टन हे बंदराचे शहर आहे. नदी एकच असली तरी या दोन ठिकाणी ती इतकी वेगळी वागते की निवड घराच्या देखणेपणावरून करणे चुकीचे ठरेल.

प्रथम भरती-ओहोटीचा विचार करू. मुंबईच्या उधाणात पंधरा फुटांपर्यंत चढउतार पाहिलेल्या माणसाला विल्मिंग्टनची साधारण साडेचार फुटांची भरती किरकोळ वाटते, पण तिथली जमीन इतकी सपाट आहे की फूटभर जास्तीच्या पाण्यानेही रस्ता बुडतो. शहराचा जुना भाग पूर्व काठावरच्या उंचवट्यावर असल्यामुळे बराचसा सुरक्षित आहे. समोरचा पश्चिम काठ मात्र पाणथळ आहे, आणि तिथे १९६१ पासून नांगरून ठेवलेल्या ‘नॉर्थ कॅरोलायना’ या युद्धनौकेच्या वाहनतळावर स्वच्छ उन्हातही भरतीचे पाणी शिरत असे. याचे एक मोठे कारण माणसाने केलेले आहे. मोठ्या जहाजांसाठी नदीचा मार्ग खोदत खोदत ४२ फूट खोल केला गेला, आणि त्यामुळे समुद्राची भरती पूर्वीपेक्षा सहज आत येऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या मानाने विल्मिंग्टनमधील भरती-ओहोटीतील फरक जवळजवळ दुप्पट झाला आहे. खारे पाणी वर सरकल्याने काठची सायप्रसची झाडे उभ्या उभ्या वाळली आहेत. त्यामुळे ‘आमच्या अंगणात तीस वर्षांत पाणी आले नाही’ हे विकणाऱ्याचे वाक्य खरे असले तरी पुढच्या तीस वर्षांची हमी देत नाही.

वादळाच्या बाबतीत दोन्ही गावांचे दुखणे निराळे आहे. साउथपोर्टला समुद्राचा तडाखा थेट बसतो. ऑगस्ट २०२० मध्ये इसायास हे केवळ पहिल्या, म्हणजे सर्वांत सौम्य श्रेणीचे चक्रीवादळ जवळच्या ओशन आयल बीचवर आले, तरी साउथपोर्टच्या नौकातळाचे धक्के मोडले आणि होड्या एकमेकींवर जाऊन आदळल्या. हे पाणी काही तासांत चढते आणि काही तासांत उतरते. विल्मिंग्टनच्या वरच्या अंगाला, विशेषतः नॉर्थईस्ट केप फिअर या काळ्या पाण्याच्या उपनदीकाठी, वादळ निघून गेल्यावर आणि आभाळ निरभ्र झाल्यावर काही दिवसांनी पूर येतो, कारण आतल्या प्रदेशात पडलेला पाऊस सावकाश खाली उतरतो. १४ सप्टेंबर २०१८ रोजी फ्लोरेन्स हे चक्रीवादळ विल्मिंग्टनजवळच्या राइट्सव्हिल बीचवर धडकले तेव्हा असेच झाले; महामार्ग ४० पाण्याखाली गेला आणि विल्मिंग्टन काही काळ बेटच बनले. मला स्वतःला हा दुसरा प्रकार अधिक फसवा वाटतो, कारण संकट टळले असे समजून माणसे घरी परततात.

होडीसाठी मात्र साउथपोर्टचे पारडे जड आहे, निदान ज्यांना समुद्रात मासेमारीला जायचे आहे त्यांच्यासाठी. तिथून खुला समुद्र चार-पाच मैलांवर आहे, तर विल्मिंग्टनहून तिथवर पोहोचण्यातच वेगवान होडीचाही तासाहून अधिक वेळ जातो. पण मुखापाशी ओहोटीचा ओढा जबरदस्त असतो, आणि उन्हाळ्यात दुपारनंतर सुटणारा नैर्ऋत्येचा वारा त्या ओढ्याला समोरून भिडला की आखूड, उभ्या लाटा उठतात. वीस फुटांची होडी त्यांत अक्षरशः आपटत जाते. सकाळी ओहोटीबरोबर बाहेर पडून भरतीबरोबर परतणे हा तिथला शहाणपणाचा क्रम आहे. केप फिअर या भूशिराच्या टोकापासून फ्राइंग पॅन शोल्स हे उथळ वाळूचे पट्टे वीसहून अधिक मैल समुद्रात गेलेले आहेत, त्यांचा नकाशा पाठ हवा. ज्यांना संथ पाण्यात वल्हे मारायचे, पक्षी पाहायचे आहेत त्यांनी विल्मिंग्टनहून वरच्या काळ्या पाण्याकडे वळावे. त्यापुढे ब्लॅक नदीत २,६००हून अधिक वर्षांचे सायप्रसचे झाड आजही उभे आहे. तिथे धोका लाटांचा नसून पाण्याखाली दडलेल्या ओंडक्यांचा आहे. झाडापाल्याच्या अर्काने त्या पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा असतो आणि होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, तपकिरी डाग पडतो, ज्याला नाविक मिशी म्हणतात. चिंचेने तांबे घासावे तसा तो सौम्य आम्लाने निघतो. साउथपोर्टच्या खाऱ्या पाण्यात डागाऐवजी तळाला शिंपल्यांचा थर चढतो आणि त्याचा खर्च बराच जास्त येतो.

खासगी धक्क्याच्या मोहाबद्दल एक अनुभव सांगतो. एका खाडीकाठचे घर आम्हाला दुपारी भरतीच्या वेळी दाखवले गेले, तेव्हा धक्क्याखाली निळेशार पाणी लहरत होते. संध्याकाळी सहज परत गेलो, तर शेजाऱ्याची होडी चिखलात कलंडली होती, खांबांना कालवे चिकटलेली होती आणि पाण्याची रेघ पन्नास पावले दूर गेली होती. तिथे दिवसातले चार-पाच तासच होडी बाहेर काढता आली असती. नवा धक्का बांधायचा तर राज्याच्या किनारा व्यवस्थापन विभागाची परवानगी लागते, आणि तो प्रवाहाच्या रुंदीच्या चौथ्या भागापेक्षा पुढे नेता येत नाही.

विमा दोन्हीकडे सारखाच आहे: संघराज्याच्या पूरविम्यात घराच्या इमारतीला कमाल अडीच लाख डॉलरचे संरक्षण मिळते आणि तो साधारणतः ३० दिवसांनी लागू होतो, म्हणून वादळाची बातमी आल्यावर धावून उपयोग नाही. पिण्याच्या पाण्याचा प्रश्नही दोन्हीकडे आहे, कारण २०१७ मध्ये वरच्या अंगाच्या रसायन कारखान्यातून जेनएक्स हे घातक रसायन नदीत येत असल्याचे उघड झाले. विल्मिंग्टनच्या जलशुद्धीकरण केंद्रात २०२२ पासून कार्बनच्या गाळण्या बसल्या आहेत. खासगी विहीर असलेल्या घराचे पाणी मात्र तपासूनच सौदा करावा.

माझे मत विचाराल तर, समुद्रावर जाणे हाच जगण्याचा मुख्य छंद असेल तरच साउथपोर्ट घ्यावे. इतरांनी विल्मिंग्टनच्या उंचवट्यावर, नदीपासून चार गल्ल्या आत घर घेऊन होडी नौकातळावरच्या रॅकवर भाड्याने ठेवावी. मोठे रुग्णालय आणि विमानतळ जवळ असणे साठीनंतर धक्क्यापेक्षा जास्त उपयोगी पडते. तरीही मन साउथपोर्टकडेच ओढत असेल, तर आधी सप्टेंबर-ऑक्टोबर हे दोन महिने तिथे भाड्याने राहावे. वर्षातली सर्वांत चढी भरती आणि वादळांचा भर तेव्हाच असतो, आणि अमावास्येच्या रात्री भरतीच्या वेळी धक्क्यावर कंदील घेऊन उभे राहिले की पाणी कुठवर येते ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.