योकाईंच्या जगात शिरायचं तर कुठल्या दारानं?

रात्री एकटेच चालला आहात. मागून पावलं वाजतात, वळून पाहावं तर कुणी नाही. जपानच्या नारा भागात यावर जुना तोडगा आहे. रस्त्याच्या कडेला सरायचं आणि म्हणायचं, ‘बेतोबेतो-सान, तुम्ही पुढे व्हा.’ पावलं पुढे निघून जातात. मंत्र नाही, अंगारा नाही. मागून येणाऱ्याला वाट दिली की झालं.

योकाई म्हणजे जपानी लोककथांमधली भुतं, राक्षस आणि चमत्कारिक जीव. मला त्यांची ओढ लागली ती या वाट देण्यामुळे. प्रत्येक योकाईला एक नाव, एक चेहरा आणि एक खोड असते. पाण्यातल्या कप्पाच्या डोक्यावर खोलगट ताटली असते, तिच्यातलं पाणी सांडलं की त्याची ताकद जाते. म्हणून त्याला वाकून नमस्कार करायचा. तोही रीतीनं वाकतो आणि पाणी सांडतं. शंभर वर्षं जुनी झालेली छत्री एका पायावर उड्या मारू लागते. तोरियामा सेकिएन या चित्रकारानं १७७६ मध्ये असे जीव एकेक करून पुस्तकात मांडले. पुढे कॉमिक्सवाल्यांना, खेळ बनवणाऱ्यांना हा खजिना आयता मिळाला. पोकेमॉनमधली नऊ शेपट्यांची कोल्हीण तिथलीच.

प्रश्न असतो सुरुवात कुठून करायची याचा. मला जे विचारतात त्यांच्यापुढे मी चार दारं ठेवतो.

पहिलं दार लाफ्काडिओ हर्न यांचं. १८५० मध्ये ग्रीसमध्ये जन्मलेला हा पत्रकार १८९० मध्ये जपानला आला, तिथलाच झाला आणि कोइझुमी याकुमो या नावानं जगला. त्याची बायको सेत्सु त्याला गोष्टी सांगायची, तो त्या इंग्रजीत लिहायचा. ‘क्वाइदान’ आलं १९०४ मध्ये, त्याच वर्षी तो गेला. पुस्तक मुळातच इंग्रजीत आहे आणि इंटरनेटवर फुकट मिळतं, ही आपल्यासाठी मोठी सोय. त्यातली हिमस्त्रीची गोष्ट घ्या. बर्फाच्या वादळात ती एका म्हाताऱ्या लाकूडतोड्याला नुसत्या श्वासानं गोठवून मारते. सोबतच्या तरुणाला सोडते, पण हे कुणाला सांगायचं नाही या अटीवर. बऱ्याच वर्षांनी तो ती रात्र आपल्या बायकोला सांगून बसतो. बायको कोण, हे तुम्ही ओळखलंच असेल. ती त्याला मारत नाही, कारण पलीकडे मुलं झोपलेली असतात. भय आणि माया एकाच वाक्यात आणायला हर्नला जमतं. ज्यांना भूतकथा भूतकथेसारखी हवी आहे, त्यांनी इथूनच यावं. मात्र हसू इथे फारसं सापडणार नाही.

दुसरं दार शिगेरु मिझुकी यांचं. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे.

मिझुकी (१९२२–२०१५) वाढले साकाइमिनातो या समुद्राकाठच्या गावात. शेजारी एक गरीब, देवभोळी म्हातारी होती, तिला सगळे नोन्नोन्बा म्हणत. छतावर ओलीचा डाग दिसला की ती पोराला सांगायची, रात्री तेन्जोनामे येऊन छत चाटून गेला. एवढंच. पण त्या पोरासाठी घरातला प्रत्येक डाग जिवंत झाला. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्यांना न्यू ब्रिटन बेटावर पाठवलं, तिथे हवाई हल्ल्यात डावा हात गेला. उरलेल्या उजव्या हातानं त्यांनी आयुष्यभर योकाई काढले. तिथल्याच जंगलात, अंधारात, एकदा पुढे पाऊलच पडेना, समोर अदृश्य भिंत असल्यासारखं झालं, असं ते सांगत. तो त्यांच्या मते नुरिकाबे. आपल्याकडे चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच त्या वाटेवर फिरत राहतो. नुरिकाबे त्याचा भाऊबंद शोभावा, फक्त तो फिरवत नाही, अडवतो.

मिझुकींची सर्वांत गाजलेली निर्मिती कितारो. भुतांच्या कुळातला हा शेवटचा मुलगा माणसं आणि योकाई यांच्यामधली भांडणं सोडवतो. त्याचा बाप म्हणजे एक डोळा, त्याला हातपाय आहेत आणि तो वाडग्यात गरम पाण्यानं अंघोळ करतो. १९६८ पासून त्याच्या ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका पुन:पुन्हा नव्यानं निघत आल्या आहेत. पण कितारोचा पसारा मोठा आहे, नवखा माणूस त्यात हरवतो. त्यापेक्षा मिझुकींच्या बालपणावरचं ‘नोन्नोन्बा’ हे चित्रपुस्तक घ्या. फ्रान्सच्या आंगुलेम महोत्सवात २००७ मध्ये त्याला सर्वोत्तम पुस्तकाचा मान मिळाला, मांगाला, म्हणजे जपानी कॉमिक्सला, पहिल्यांदाच. इंग्रजी भाषांतर उपलब्ध आहे. त्यात भूक आहे, मरण आहे, आणि या सगळ्याशी मुलाची ओळख करून देणारी ती म्हातारी आहे. आज साकाइमिनातोच्या एका रस्त्यावर मिझुकींच्या योकाईंचे पावणेदोनशेच्या आसपास कांस्य पुतळे उभे आहेत.

तिसरं दार सगळ्यांना ठाऊक आहे: हायाओ मियाझाकींचा ‘स्पिरिटेड अवे’ हा २००१ चा ॲनिमेशनपट. दोन तासांत काम होतं, आणि घरातली सगळी वयं एकत्र बसू शकतात. चिखलानं बरबटलेला, दुर्गंधी सुटलेला एक पाहुणा देवांच्या स्नानगृहात येतो. तिथे काम करणाऱ्या चिहिरो या मुलीला त्याच्या अंगात काटा रुतल्यासारखं काही लागतं. दोरी बांधून ओढतात, तर सायकल निघते आणि तिच्यामागून कचऱ्याचा ढीग. तो नदीचा देव असतो. हे दृश्य मी कितीही वेळा पाहू शकतो. पण पारंपरिक योकाई बघायचे असतील तर हे दार अपुरं आहे. इथली बरीच पात्रं, तो मुखवट्याचा ‘चेहरा नसलेला’ धरून, मियाझाकींच्या कल्पनेतली आहेत.

चौथं ‘नात्सुमे युजिंचो’. युकी मिदोरिकावा यांचा मांगा, ॲनिमे २००८ पासून. अनाथ मुलगा नात्सुमेला योकाई दिसतात. आजीनं पैजा जिंकून त्यांची नावं एका वहीत बांधून ठेवलेली असतात, तो ती एकेक परत करतो. दुसऱ्याच भागात मुठीएवढा एक देव भेटतो. एकेकाळी तो माणसाएवढा होता, भक्त घटत गेले तसा तो लहान होत गेला. आता एकच म्हातारी त्याच्या देवळीपुढे हात जोडायला येते. पहिल्या हंगामात १३ भाग आहेत, बहुतेक स्वतंत्र, त्यामुळे दमलेल्या संध्याकाळी एखादाच बघता येतो. थरार हवा असेल त्यांना मात्र हे फार संथ वाटेल.

लहान मुलांसाठी ‘योकाई वॉच’ आहे, २०१३ चा खेळ आणि त्यावरची मालिका. मुलांना आवडतं, मोठ्यांनी त्यात वेळ घालवायची गरज नाही.

मला विचाराल तर एकट्या वाचणाऱ्यानं ‘नोन्नोन्बा’ घ्यावं. बेतोबेतो-सानला वाट देणारं मन तिथे सर्वांत जवळून दिसतं. हातात वाचायला वेळच नसेल तर नात्सुमे. घरात दहा वर्षांचं मूल असेल तर चिहिरो आधी, हर्न दोन-तीन वर्षांनी. हर्नच्या पुस्तकात होइची या आंधळ्या गायकाला भुतांपासून वाचवायला त्याच्या सर्वांगावर बौद्ध धर्मसूत्र लिहितात आणि फक्त कान राहून जातात, ती गोष्ट निजताना मुलांना वाचून दाखवू नका.