दोन मजली फ्लोराईड फिल्टर: पाणी चांगलं देतो, संपल्याचं सांगत नाही

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या बोअरच्या पाण्यातलं फ्लोराईड उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं ते दाट होतं. कँडल आणि यूव्ही इथे कामाचे नाहीत. आरओने ते निघतं, पण वीज लागते आणि बरंच पाणी मोरीत जातं. या दोन्ही अडचणी टाळणारं यंत्र म्हणजे ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचा दोन मजली फिल्टर. याची मूळ रचना युनिसेफच्या मदतीने आयआयटी कानपूरने तयार केली.

वरच्या भांड्यात या ॲल्युमिनाचे साधारण ३ किलो पांढरे दाणे असतात, ते फ्लोराईड धरून ठेवतात; खालच्यात गाळलेलं पाणी साठतं. धार तासाला १० लिटरच्या आसपास, आणि ती तशीच हवी. पाणी हळू पडतंय म्हणून तळाचं भोक मोठं केलं, तर पाण्याला दाण्यांत थांबायला वेळच मिळत नाही आणि फ्लोराईड तसंच खाली उतरतं. दाणे सपाट पसरलेले नसले तरी हेच होतं: पाणी एका बाजूने वाट काढतं.

नवे दाणे आणि लिटरला ४ मिलिग्रॅम फ्लोराईडचं पाणी असेल, तर खाली १ च्या आत येतं. भारतीय मानकाची (आयएस १०५००) मर्यादा १ आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. इथवर पूर्ण गुण.

खरी उणीव पुढे आहे. कँडल भरली की धार मंदावते, म्हणजे ती स्वतःच बोलते. हा फिल्टर थकला तरी धार तीच, रंग तोच, चवही तीच. म्हणून हिशेब आपणच ठेवायचा. रोज २० लिटर गाळलं आणि लिटरमागे ३ मिलिग्रॅम काढायचं असेल, तर दिवसाला ६० मिलिग्रॅम. दाण्यांची क्षमता ग्रॅमला दीड मिलिग्रॅम धरली तर ३ किलोत ४,५०० मिलिग्रॅम, म्हणजे ७५ दिवस. पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल किंवा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) ८ च्या वर असेल, तर हे दिवस आणखी घटतात. विक्रेता 'इतके हजार लिटर' म्हणाला, की ते कोणत्या पाण्यावर मोजले हे विचारा.

ग्रामपंचायतीच्या टेस्ट किटने पंधरवड्याला तपासणं बरं. नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत घ्या. रंग फिका होण्यावर चालणाऱ्या किटला क्लोरीन चकवतो: तोही रंग उडवतो आणि आकडा फुगतो. दाणे नीट धुतलेले नसले आणि पाण्यात ॲल्युमिनियम उतरलं, तर उलट होतं. आकडा खोटाच कमी दिसतो, आणि हा धोका मोठा.

रिचार्ज, म्हणजे थकलेले दाणे पुन्हा कामाचे करणं, असा: दाणे कापडी पिशवीत बांधून १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कॉस्टिक सोडा घालून ८ तास बुडवा, मधूनमधून पिशवी वरखाली करा. साध्या पाण्याने धुवा. मग १० लिटर पाण्यात सुमारे ११० मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक ॲसिड, पुन्हा ८ तास. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडात कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. पीएच ७ च्या आसपास येईपर्यंत धुवा. कॉस्टिकची पायरी झाली आणि ॲसिडची टाळली, की दाणे अल्कधर्मी राहतात आणि फ्लोराईड धरत नाहीत. 'रिचार्ज करूनही फरक नाही' या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

लहान मुलांच्या घरात हा उद्योग नको. गावात रिचार्जचं केंद्र असेल, किंवा विक्रेता दाणे नेऊन परत आणून देणार असेल, तरच फिल्टर घ्या. नुसत्या यंत्राला आम्ही पाचपैकी दोन देऊ, रिचार्जच्या सोयीसकट चार. केंद्र चालवणाऱ्यांनी उरलेलं कॉस्टिक सोड्याचं पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नये. दाण्यांतून सुटलेलं सगळं फ्लोराईड त्यातच असतं. ते ॲसिडच्या उरलेल्या पाण्यात मिसळून चुना टाका, गाळ बसू द्या आणि तो गाळ पक्क्या खड्ड्यात ठेवा.