खिशातला नवा करार आणि स्तोत्रसंहिता: पाचापैकी चार तारे

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ माझं झेरॉक्स-बायंडिंगचं दुकान आहे. कुठलंही पुस्तक हातात आलं की मी आधी त्याची शिलाई बघतो. नवा करार (बायबलचा येशूपासून सुरू होणारा भाग) आणि स्तोत्रसंहिता (बायबलमधली प्रार्थनागीतं) एकत्र असलेली ही छोटी मराठी प्रत शर्टाच्या खिशात बसते. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, दोऱ्याने शिवलेत, नुसते डिंकावर चिकटवलेले नाहीत. मधोमध सपाट उघडली तरी पान सुटत नाही. कागद पातळ आहे, मागची ओळ पुढे दिसते. पण एवढी पानं एवढ्याशा जाडीत बसवायची तर इलाज नाही. अक्षर मात्र फारच बारीक. चाळिशी लागलेल्यांनी चष्म्याशिवाय नादी लागू नये. एक तारा तिथेच कापला.

माझा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा विधी, अलीकडचा, गेल्या ईस्टरचा. त्याआधी वर्षानुवर्षं अगरबत्ती लावल्याशिवाय मशीन सुरू केलं नव्हतं, त्यामुळे सकाळी त्या वेळेला हात आपोआप काहीतरी शोधायचे. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "तीच वेळ धरा. एक स्तोत्र, मग प्रभूची प्रार्थना, मग मनात असेल ते दोन वाक्यांत. बास." आता शटर अर्धंच वर करतो, झाडून घेतो आणि काउंटरशी उभ्यानेच वाचतो. कुणी घाईचं गिऱ्हाईक आलं तर शेजारचा वहीवाला परस्पर सांगतो, "थांबा, पूजा चाललीय." मी काही दुरुस्त करत नाही.

नवशिक्याला स्तोत्रसंहिता का, तर काय बोलायचं ते तिथे आयतं मिळतं. स्तोत्रं १५०. रोज एक घेतलं तर पाच महिने पुरतात. ११७वं दोनच वचनांचं (वचन म्हणजे क्रमांक दिलेली ओळ), जूनमध्ये ॲडमिशनच्या गर्दीत तेच परवडतं. ११९वं १७६ वचनांचं, पण त्याचे आठ-आठ वचनांचे २२ भाग आहेत. रोज एक भाग घ्यायचा. तेविसावं मेंढपाळाचं सगळ्यांनाच आवडतं. १०९वं वाचून मी हबकलो. शत्रूची मुलं अनाथ होवोत, त्याची बायको विधवा होवो, असं चक्क प्रार्थनेत! मला तर उधारी बुडवणारे दोघंतिघं डोळ्यापुढे आले. पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले, "राग गिऱ्हाइकावर काढण्यापेक्षा देवापुढे काढलेला बरा." पटलं.

उणीव म्हणजे कुठून सुरुवात करायची हे पुस्तकात कुठेच सांगितलेलं नाही. पहिल्या पानापासून निघालात तर मत्तयाने लिहिलेल्या शुभवर्तमानातली (येशूच्या चरित्रातली) येशूची वंशावळ लागते, नावांमागून नावं. तिथेच कितीजण पुस्तक मिटत असतील! शुभवर्तमान वाचायचं तर मार्कापासून घ्या, १६ अध्यायांत संपतं. प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिकवलेली, मत्तयाच्या ६व्या अध्यायात, ९ ते १३ वचनांत आहे. पाठ होईपर्यंत तिथे खूण ठेवा. तिच्या थोडंच आधी, ६व्या वचनात, खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करायला सांगितलंय. माझं अर्धं शटर त्यात बसतं की नाही, देव जाणे.

मोबाइलवर मराठी बायबल फुकट मिळतं, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, कानाने ऐकताही येतं. आईला मी तेच लावून दिलंय. दुकानात मात्र उपयोग नाही. फोन हातात घेतला की "दादा, पीडीएफ पाठवलीय, चाळीस कॉपी" आलंच.

पानाच्या खुणेची फीत एकच दिलीय, हे कंजूषपणाचं. एक मागे स्तोत्रांत आणि एक पुढे शुभवर्तमानात अशा दोन लागतातच. मी दुसरी माझ्याकडची लाल सॅटिनची लावली, कण्याच्या आत खळीने चिकटवून. घ्यायची असेल तर रविवारी चर्चमधल्या मराठी उपासनेनंतर मंडळीच्या टेबलावर बघा, नाहीतर कॅम्पात ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानात. पैसे द्यायच्या आधी मधोमध उघडून दोरा दिसतो का तेवढं बघून घ्या.