नॉट-एफएन : आठ महिने वापरून झाल्यावर (आणि 31 मार्चच्या रात्रीनंतर)

ऑगस्टमध्ये आमचा कोड सी++17 वर (सी++ भाषेची 2017 ची आवृत्ती) नेला तेव्हापासून नॉट-एफएन (std::not_fn) वापरतोय, म्हणजे हो-नाही सांगणाऱ्या फंक्शनचं उत्तर उलटं करून देणारी सोय. चांगलंच लिहिणार होतो, आणि बरंचसं चांगलंच लिहिणार आहे, पण मार्च एण्डच्या रात्री सर्व्हरवर जे झालं ते आधी डोक्यातून जाईना.

आमचं काम पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरचं, कोड खूप जुना. त्यात जागोजागी नॉट वन, नॉट टू (उत्तर उलटं करायच्या जुन्या सोयी) आणि पीटीआर-फन (साधं फंक्शन त्यांना चालेल असं गुंडाळणारं). स्ट्रिंगच्या पुढची स्पेस काढायची ती जुनी ओळ तुम्ही पण कुठून तरी उचलली असेलच, फाइंड-इफ, त्यात नॉट वन, त्यात पीटीआर-फन, त्यात इज-स्पेस (कॅरेक्टर स्पेस आहे का ते सांगणारं). पीटीआर-फन 17 मध्ये स्टँडर्डमधून गेलं, नॉट वन आणि नॉट टू 17 मध्ये डेप्रिकेट झाले (म्हणजे ‘आता वापरू नका’) नि 20 मध्ये गेले. जीसीसी कम्पायलर अजून चालवून घेतो, मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी++ घेत नाही, त्यामुळे बदलणं भागच होतं.

नॉट वनचा मला राग होता तो एकाच गोष्टीचा. त्याला प्रेडिकेटच्या (हो-नाही सांगणाऱ्या फंक्शनच्या) आत आर्ग्युमेंट-टाइप नावाचा टाइपडेफ, म्हणजे टाइपला दिलेलं नाव, लागतो. लॅम्डाला (जागच्या जागी लिहिलेल्या बिननावाच्या फंक्शनला) तो नसतो. म्हणजे 2011 ला लॅम्डा आले आणि 2017 पर्यंत सरळ नॉट वनमध्ये लॅम्डा टाकता येत नव्हता, आधी एसटीडी फंक्शनमध्ये गुंडाळा आणि मग उलटा करा, एका उद्गारचिन्हासाठी एवढं सगळं. नॉट-एफएनला असलं काही लागत नाही. लॅम्डा द्या, फंक्शन पॉइंटर द्या, मेंबर फंक्शनचा पॉइंटर द्या, आर्ग्युमेंट कितीही असोत. आमच्या खाते क्लासमध्ये ‘बंद आहे का’ असं मेंबर फंक्शन आहे, ते तसंच नॉट-एफएनमध्ये दिलं आणि चालू खाती मोजून मिळाली. अक्षरशः एक ओळ. पहिले दोन महिने मी सगळ्यांना हेच दाखवत फिरत होतो.

नंतर मत थोडं बदललं. दिवाळीच्या आसपास कोड चाळताना दिसलं की निम्म्या जागी नॉट-एफएनची गरजच नव्हती. फाइंड-इफ-नॉट आहे, नन-ऑफ आहे, त्यांच्यात ‘नाही’ आधीच आहे, दोन्ही सी++11 पासून आहेत. कॉपी-इफ सी++98 मध्ये नव्हतं म्हणून लोक रिमूव्ह-कॉपी-इफला (अटीत बसणारे वगळून बाकीचे कॉपी करणारं) उलटा प्रेडिकेट देऊन काम भागवायचे, आम्ही तेच नव्या कपड्यात चालवत होतो. ते सगळं काढलं, वाचायला सोपं झालं.

इज-स्पेसचं पण सांगतो, कारण मराठीत डेटा असणाऱ्या प्रत्येकाला हे लागणार. सरळ नॉट-एफएनमध्ये टाकलं तर लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) वालं दुसरं इज-स्पेस पण समोर येतं आणि कम्पायलर अडतो, म्हणून लॅम्डात घालावंच लागतं. घालताना कॅरेक्टर अनसाइन्ड करून घ्या. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं एक अक्षर तीन बाइटचं, तिन्ही बाइट 127 च्या वरचे, साध्या ‘char’ टाइपमध्ये ते बहुतेक ठिकाणी निगेटिव्ह होतात आणि इज-स्पेसला निगेटिव्ह देणं चालत नाही. खातेदारांची नावं मराठीत असताना हे विसरून चालणारच नाही.

आता 31 मार्च. हप्त्यांची यादी तारखेप्रमाणे उलटी लावायची होती, नवी आधी. टीममधल्या एकाने सॉर्टला दिलं नॉट-एफएन आणि आत तारखेचं ‘लहान आहे का’ वालं फंक्शन. रिव्ह्यूत मी स्वतः पास केलं. दिसायला बरोबरच दिसतं! पण ‘लहान नाही’ म्हणजे ‘मोठा’ नव्हे, त्यात बरोबरीचा पण येतो. धाकटा नाही म्हणून कोणी थोरला होत नाही, जुळे पण असतात. सॉर्टला असा कम्पॅरेटर (दोघांत आधी कोण ते सांगणारं फंक्शन) लागतो जो एखाद्या गोष्टीची स्वतःशीच तुलना केली तर ‘नाही’ म्हणेल, आणि हा म्हणत होता ‘हो’.

टेस्टिंगच्या शाखेत 12 हप्ते होते, मस्त चाललं. जीसीसीच्या सॉर्टमध्ये 16 पर्यंतची यादी साध्या इन्सर्शन सॉर्टने लागते, तिथे हा कम्पॅरेटर निभावून जातो. 16 च्या वर पार्टिशन (यादी दोन भागांत वाटणं) सुरू होतं, त्यात हद्द तपासत नाहीत, कम्पॅरेटरच थांबवेल असा भरवसा असतो. मार्च एण्डला चाळीसच्या वर हप्ते, सगळ्यांची तारीख एकच, प्रत्येक तुलनेला ‘हो’, आणि तो यादीच्या बाहेर पुढे पुढे वाचत गेला. क्रॅश. रात्री साडेदहाला फोन, समोर दिवस बंद करायला थांबलेला कॅशियर, आणि मी कोअर डम्प (क्रॅशच्या वेळची मेमरीची फाइल) उघडून बसलेला. नॉट-एफएन काढून नुसतं ग्रेटर (‘मोठा आहे का’ वालं) लावलं, दोन मिनिटांचं काम, शोधायला पावणेतीन तास गेले. जीसीसीचा डीबग मोड लावून एकदा टेस्ट चालवली असती तर त्या 12 हप्त्यांवरच त्याने पकडलं असतं, आता रोज रात्रीच्या बिल्डला तो लावलाय.

दोष नॉट-एफएनचा नाही हे मला कळतं, नॉट टूने पण हेच झालं असतं. पण नॉट टू लिहायला एवढं किचकट होतं की सॉर्टमध्ये टाकायच्या आधी माणूस थांबायचा. हे इतकं सोपं झालंय की हात आपोआप जातो. प्रेडिकेटसाठी वापरा, बिनधास्त वापरा, मी पण वापरतोच आहे. कम्पॅरेटरवर मात्र अजिबात नको.

परवा सगळ्या कोडमध्ये शोधलं तर सॉर्टच्या आत अजून दोन नॉट-एफएन सापडले. एक संचालक मंडळाच्या यादीवर होता, तिथे 13 च्या वर नावं कधी जातच नाहीत, म्हणून तो डिसेंबरपासून गुपचूप बसला होता. दोन्ही काढले.